जीर्ण मलावरोध व श्रोणीच्या सांध्यांचे विकार : परस्परसंबंधाची चिकित्सा

प्रस्तावना

कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या वर, एका बाजूस सतत दुखणे आणि त्याच काळात पोट साफ न होणे ही दुहेरी तक्रार वैद्यकीय व्यवसायात नवी नाही. तथापि या दोन तक्रारी सहसा दोन वेगवेगळ्या दालनांत मांडल्या जातात. कंबरेसाठी अस्थिरोगतज्ज्ञ आणि पोटासाठी जठरांत्ररोगतज्ज्ञ, किंवा बहुधा औषधाच्या दुकानातील चूर्णाची बाटली, अशी ही विभागणी असते. घरातील वडीलधारी मंडळी मात्र 'एकदा पोट साफ झाले की कंबर आपोआप सुटेल' असे ठामपणे सांगत असतात. तज्ज्ञांची विभागणी आणि घरगुती ठाम मत या दोहोंत सत्याचा काही अंश आहे, आणि दोहोंमुळे रुग्णाचे नुकसान होण्याचा संभवही आहे.

जीर्ण मलावरोध आणि श्रोणीच्या सांध्यांचे विकार यांच्यात संबंध असल्यास तो कोणत्या मार्गाने असू शकतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. साठलेल्या मलाच्या भाराने सांधा दबतो किंवा सरकतो, ही समजूत सर्वाधिक प्रचलित असली तरी तिला आधार सर्वांत कमी आहे. श्रोणीच्या तळाचे स्नायू, दोन्ही अवयवांना समान असलेले मज्जातंतूंचे स्तर आणि दोन्ही विकारांना जन्म देणारी समान कारणे या तीन वाटांनी येणारा संबंध अधिक संभवनीय आहे. हा भेद केवळ शास्त्रीय काटेकोरपणाचा नाही. कोणती तपासणी करावयाची, कोणते औषध थांबवावयाचे आणि कोणत्या वेळी एक दिवसही वाट पाहावयाची नाही, हे त्यावरून ठरते.

श्रोणीची रचना

श्रोणी हे हाडांचे एक वलय आहे. मागील बाजूस पाठीच्या कण्याच्या शेवटी असलेले त्रिकोणी त्रिकास्थी, दोन्ही बाजूंस नितंबास्थी आणि पुढे मध्यभागी एकत्र येणारी जघनास्थी यांनी ते बनते. त्रिकास्थी व नितंबास्थी यांमध्ये डावा व उजवा असे दोन सांधे असतात. त्यांना सॅक्रोइलियाक सांधे म्हणतात. पुढे जघनास्थींना जोडणारा कूर्चायुक्त जघनसांधा असतो आणि त्रिकास्थीच्या खालच्या टोकास माकडहाडाचा लहानसा सांधा असतो.

धडाचा सर्व भार पायांकडे नेताना सॅक्रोइलियाक सांध्यांतूनच जावा लागतो. त्यामुळे निसर्गाने त्यांना हालचालीपेक्षा स्थैर्य अधिक दिले आहे. शरीरातील अत्यंत बळकट अस्थिबंधांपैकी काही येथे आहेत. १९८९ मध्ये स्वीडनमधील स्टुरेसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाडांत धातूचे सूक्ष्म गोळे बसवून क्ष-किरणांच्या साहाय्याने या सांध्याची हालचाल मोजली. तिची सरासरी सुमारे अडीच अंश आणि सरकण्याचे प्रमाण एक मिलिमीटरहूनही कमी भरले. एवढी अल्प हालचाल असलेला सांधा मोठ्या आतड्यातील मऊ मलाच्या भाराने जागचा हलेल, हे यांत्रिक दृष्ट्या पटण्यासारखे नाही.

या सांध्याच्या स्थैर्याचा विचार नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे व्लीमिंग व स्नायडर्स यांनी १९९० च्या सुमारास नव्याने मांडला. त्यांच्या मते हे स्थैर्य दोन प्रकारचे असते. पहिले हाडांच्या पृष्ठभागांच्या आकारामुळे, म्हणजे खाचेत खाच बसल्यामुळे येते. दुसरे स्नायूंनी व अस्थिबंधांनी दोन्ही बाजूंनी आवळून धरल्यामुळे येते. पिंपाच्या फळ्या एकमेकींत बसविल्या तरी बाहेरून लोखंडी कडे आवळल्याशिवाय पिंप टिकत नाही, तसाच हा प्रकार आहे. मलावरोधाशी संबंध येतो तो या कड्याच्या ठिकाणी, कारण श्रोणीला आवळून धरणाऱ्या स्नायूंपैकी काही स्नायू हे शौचक्रियेचेही नियंत्रक आहेत.

मलावरोध म्हणजे नेमके काय

दररोज शौचास न होणे म्हणजे मलावरोध, ही समजूत वैद्यकीय व्याख्येशी जुळत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोम–४ निकषांनुसार कुंथावे लागणे, मल कठीण किंवा खड्यांसारखा असणे, पोट पूर्ण साफ न झाल्याची भावना, गुदद्वाराशी अडथळा जाणवणे, हाताचे साहाय्य घ्यावे लागणे आणि आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे, यांपैकी किमान दोन लक्षणे विचारात घेतली जातात. ती तीन महिने टिकलेली व सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेली असावी लागतात. सहांपैकी संख्येशी संबंध आहे तो एकाच लक्षणाचा. उरलेली बहुतेक लक्षणे बाहेर टाकण्याच्या क्रियेतील अडचणीची आहेत. एखादी व्यक्ती रोज सकाळी अर्धा तास कुंथत असेल तर ती रोज शौचास जाऊनही मलावरोधाची रुग्ण ठरते, आणि श्रोणीच्या दृष्टीने हाच प्रकार अधिक महत्त्वाचा आहे.

स्थूलमानाने मलावरोधाचे तीन गट पाडले जातात. काहींमध्ये आतड्याची गती सामान्य असते, पण आहारात चोथा व पाणी कमी असते. काहींमध्ये आतड्याची गतीच मंद असते. तिसऱ्या गटात मल मलाशयापर्यंत येतो, परंतु दार उघडत नाही. कुंथताना जे स्नायू सैल व्हावयास हवेत ते उलट आवळले जातात. १९८५ मध्ये प्रेस्टन व लेनर्ड-जोन्स यांनी या प्रकाराचे वर्णन केले आणि आज त्यास शौचक्रियेतील विसंवाद असे म्हटले जाते.

एक जुनी कल्पना व तिचे परिणाम

मलावरोधाचा सांध्यांशी संबंध जोडण्याचा सर्वांत धाडसी प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभी लंडन येथे झाला. गायज हॉस्पिटलमधील सर विल्यम आर्बथनॉट लेन हे मुळात अस्थिशल्यक्रियेत नावाजलेले होते. मोडलेली हाडे पट्टी व स्क्रूने जोडण्याच्या पद्धतीचे ते एक प्रवर्तक होत. आतड्यात मल साठून राहिल्याने विषारी द्रव्ये रक्तात शिरतात व त्यातून सांधेदुखीसह अनेक व्याधी उद्भवतात, असे त्यांचे मत बनले. त्यांनी अशा रुग्णांचे मोठे आतडे कापून काढण्यास प्रारंभ केला. १९१३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये या विषयावर प्रदीर्घ चर्चा झाली आणि मत दुभंगलेलेच राहिले.

या कल्पनेला पुढे अमेरिकेतून छेद मिळाला. वॉल्टर अल्वारेझ यांनी १९१९ मध्ये असा युक्तिवाद केला की मल साठल्यावर जाणवणारे जडत्व, डोकेदुखी व बेचैनी शौचास होताच क्षणात नाहीशी होते. रक्तात विष भिनले असते तर ते इतक्या त्वरेने उतरले नसते. तेव्हा ही लक्षणे ताणलेल्या मलाशयातून मज्जातंतूंद्वारे येत असली पाहिजेत. १९२२ मध्ये डोनाल्डसन यांनी निरोगी व्यक्तींच्या मलाशयात कापसाचे बोळे ठेवून तशीच लक्षणे निर्माण करून दाखविली. कापसात विष नव्हते, होता तो केवळ ताण. पोटाच्या विकाराचे परिणाम दूरच्या अवयवांत जाणवू शकतात, परंतु मार्ग विषाचा नसून मज्जातंतूंचा असतो, हा या वादाचा पुढील विवेचनास उपयुक्त असा धडा आहे. तो मिळेपर्यंत कित्येकांनी आपले आतडे गमावले होते. आजही 'आतडे धुऊन सांधेदुखी घालवू' असे सांगणाऱ्या जाहिराती दिसतात. त्यांच्यामागे ही शंभर वर्षांपूर्वी बाद झालेली उपपत्तीच नव्या वेष्टनात असते.

योगायोगाने त्याच काळात सॅक्रोइलियाक सांधाही अशाच अतिरेकी उत्साहाचा विषय झाला होता. १९०५ मध्ये बॉस्टनच्या गोल्डथ्वेट व ऑसगुड यांनी कंबरदुखी व पायात उतरणारी कळ यांचे खापर प्रामुख्याने या सांध्यावर फोडले. पुढे १९३४ मध्ये मिक्स्टर व बार यांनी मणक्यांमधील सरकलेल्या चकतीचे महत्त्व दाखविल्यावर हा सांधा जवळजवळ विस्मृतीत गेला. १९९० नंतरच्या संशोधनाने त्याला माफक स्थान परत मिळाले. श्वार्झर, एप्रिल व बोगडक यांनी १९९५ मध्ये सांध्यात भूल देणारे इंजेक्शन देऊन केलेल्या अभ्यासात, जीर्ण कंबरदुखीच्या निवडक रुग्णांपैकी किमान १३ टक्के व फार तर ३० टक्के रुग्णांत वेदनेचा उगम या सांध्यात असल्याचे अनुमान काढले.

भारतीय परंपरेचाही येथे उल्लेख करणे उचित ठरेल. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात वाताची स्थाने सांगताना पक्वाशय, कटी, मांड्या व अस्थी यांची गणना एकत्र केली आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मलवेग अडविल्याने होणाऱ्या विकारांत पोटातील शूळाबरोबरच पोटऱ्यांत गोळे येण्याचा उल्लेख आहे. पोट व कंबर यांच्या तक्रारी एकत्र येतात, हे निरीक्षण फार जुने आहे, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. निरीक्षण जुने असल्याने त्यामागील कार्यकारणभाव सिद्ध होतो असे मात्र नाही, आणि आधुनिक संशोधनाचे पूर्वसूचन म्हणून त्याकडे पाहण्याचा मोहही टाळावयास हवा.

श्रोणितलाचे स्नायू : दोन कामांचे ओझे

श्रोणीच्या हाडांच्या वलयाला खालून स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. पुढे जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत आणि दोन्ही बाजूंच्या हाडांपर्यंत ती पसरलेली असते. या झोळीला श्रोणितल म्हणतात. मूत्राशय, मलाशय व स्त्रियांमध्ये गर्भाशय यांना ती आधार देते. तिच्यातील एक पट्टा जघनास्थीपासून निघून मलाशयाच्या मागून वळसा घालून परत पुढे येतो. विश्रांतीच्या स्थितीत हा पट्टा मलाशयाला पुढे खेचून धरतो, त्यामुळे मलाशय व गुदमार्ग यांत सुमारे काटकोन राहतो. पाण्याची नळी दुमडून प्रवाह थांबवावा तसा हा प्रकार आहे. शौचाच्या वेळी पट्टा सैल होतो, कोन रुंदावतो आणि मार्ग सरळ होतो.

याच स्नायूंचे दुसरे काम श्रोणिवलय आवळण्याचे आहे. पूल-गौड्झवार्ड व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये जतन केलेल्या मृतदेहांच्या श्रोणीवर स्प्रिंगच्या साहाय्याने श्रोणितलाचा ताण निर्माण करून पाहिला. स्त्रियांच्या श्रोणीत या ताणामुळे सॅक्रोइलियाक सांध्यांचा ताठरपणा सुमारे साडेआठ टक्क्यांनी वाढला. मृत ऊतींवरील प्रयोगाच्या मर्यादा उघड आहेत. तरीही श्रोणितल हे त्या 'कड्या'चा एक भाग आहे, या विचाराला त्यातून प्रत्यक्ष मापनाचा आधार मिळाला.

आता वेदनेच्या बाजूने पाहावे. ओसलिव्हन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये सॅक्रोइलियाक सांधेदुखीचे १३ रुग्ण व तेवढ्याच निरोगी व्यक्ती यांना उताणे झोपवून एक पाय सरळ वर उचलावयास सांगितले व त्या वेळी श्वासपटल आणि श्रोणितल यांच्या हालचाली ध्वनिलहरींच्या तपासणीने पाहिल्या. रुग्णांमध्ये श्वासपटलाची हालचाल आखडली होती व श्रोणितल खाली ढकलले जात होते. श्रोणी बाहेरून दोन्ही हातांनी दाबून धरल्यावर हे दोष मोठ्या प्रमाणावर नाहीसे झाले. एक साधा पाय उचलण्यासाठी हे रुग्ण जे करीत होते, ते बरेचसे कुंथण्यासारखे होते. श्वास रोखणे, पोटात दाब वाढविणे आणि श्रोणितलावर भार टाकणे, असा हा क्रम असतो.

या दोन अभ्यासांवरून एका दुष्टचक्राची कल्पना करता येते. सांधा दुखत असेल तर शरीर त्याला जपण्यासाठी श्रोणितल सतत आवळून धरते. सतत आवळलेला स्नायू शौचाच्या वेळी आज्ञा होताच सैल पडत नाही. मग कुंथावे लागते. कुंथल्याने पोटातील दाब वाढतो, तो श्रोणितलावर व मागील अस्थिबंधांवर आदळतो आणि दुखरा भाग अधिक दुखतो. उलट दिशेनेही चक्र सुरू होऊ शकते. वर्षानुवर्षे कुंथणाऱ्या व्यक्तीचे श्रोणितल ताणून खाली उतरते. पार्क्स व सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले होते. असे ढिले झालेले तळ वलयाला पुरेसे आवळून धरण्यास असमर्थ ठरू शकते. म्हणजे एकाच लक्षणसमूहाच्या मुळाशी एका रुग्णात अति ताठर व दुसऱ्या रुग्णात अति शिथिल स्नायू असू शकतात. 'श्रोणितलाचे व्यायाम करा' हा सरसकट सल्ला म्हणूनच धोक्याचा आहे. आधीच आवळलेल्या स्नायूला आणखी आवळण्याचा व्यायाम दिल्यास मलावरोध व वेदना दोन्ही वाढू शकतात.

श्रोणीतील ज्या सांध्यात हा संबंध रुग्णाला सर्वाधिक प्रत्यक्षपणे जाणवतो, तो माकडहाडाचा. श्रोणितलाची मागील टोके त्याच्यावरच बांधलेली असल्याने शौचाच्या वेळी माकडहाडाची किंचित हालचाल होते. पडल्यामुळे किंवा प्रसूतीनंतर हा सांधा दुखावलेला असल्यास कठीण मल बाहेर पडताना कळ उठते. कळेच्या भीतीने रुग्ण शौचास जाणे लांबवितो, मल अधिक कोरडा होतो आणि पुढची खेप आणखी त्रासाची ठरते.

मज्जातंतूंचे समान स्तर

मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग व मलाशय यांना चेतना देणारे मज्जातंतू त्रिकास्थीच्या छिद्रांतून, दुसऱ्या ते चौथ्या स्तरांवरून निघतात. गुदद्वाराभोवतीच्या स्नायूंचे नियंत्रण करणारा प्यूडेंडल मज्जातंतूही याच स्तरांतून येतो. सॅक्रोइलियाक सांध्याच्या मागील भागाच्या संवेदना मुख्यतः त्रिकास्थीच्या वरच्या तीन स्तरांच्या शाखांतून जातात. अवयव भिन्न असले तरी त्यांचे निरोप मज्जारज्जूच्या लगतच्या, अंशतः एकाच, कक्षेत पोहोचतात. अशा वेळी मेंदूला वेदनेचा नेमका उगम ओळखण्यात गफलत होते. हृदयविकाराची कळ डाव्या हातात जाणवते, त्याच तत्त्वाने ताणलेल्या मलाशयाची वेदना त्रिकास्थीच्या परिसरात जाणवू शकते. शौचास झाल्यावर कंबर हलकी वाटते, या सर्वपरिचित अनुभवाचे बहुधा हेच स्पष्टीकरण आहे. त्या वेळी सांधा सुधारलेला नसतो, कारण तो बिघडलेलाच नसतो.

येथे वेदनेचे स्थान उपयोगी पडते. फॉर्टिन यांनी १९९४ मध्ये दाखविल्याप्रमाणे सॅक्रोइलियाक सांध्याची वेदना सहसा कंबरेच्या खालील खळगीजवळच्या हाडाच्या टोकाखाली, सुमारे दहा सेंटिमीटर लांब व तीन सेंटिमीटर रुंद अशा पट्ट्यात जाणवते, आणि रुग्ण ती एका बोटाने दाखवू शकतो. मलाशयातून येणारे दुखणे पसरट व मध्यभागी असते, रुग्ण त्यासाठी सगळा तळवा फिरवितो. हा फरक निर्णायक नसला तरी विचाराला दिशा देतो.

एकाच कारणाची दोन फळे

दोन विकार एकत्र आढळले म्हणजे एकाने दुसरा घडविला असे होत नाही. गर्भावस्था हे याचे उत्तम उदाहरण आहे. या काळात अस्थिबंध शिथिल होतात, शरीराचा तोल बदलतो आणि सुमारे पाचांपैकी एका गर्भवतीस श्रोणीच्या सांध्यांचे दुखणे होते. त्याच काळात प्रोजेस्टेरॉन आतड्यांची गती मंदावते व रक्तवाढीसाठी दिलेल्या लोहाच्या गोळ्या मल कठीण करतात. दोन्ही तक्रारी एकाच घरात, एकाच वेळी पाहुण्या म्हणून येतात. त्यांची आपसात ओळख असेलच असे नाही. जन्मजात सैल सांधे असणाऱ्या व्यक्तींतही सांधेदुखी व मलावरोध यांचा सहवास आढळतो.

औषधांचा प्रश्न याहून व्यवहार्य आहे, आणि नेमका तोच विचारावयाचा राहून जातो. कोडीन व ट्रॅमाडॉल ही अफूवर्गीय वेदनाशामके आतड्याची गती मंदावतात. शरीर त्यांच्या इतर काही परिणामांना सरावते, या परिणामाला फारसे सरावत नाही. जीर्ण वेदनेसाठी दिले जाणारे अमिट्रिप्टिलिन, हाडांच्या बळकटीसाठी दिले जाणारे कॅल्शियम कार्बोनेट आणि पूर्वी उल्लेखिलेले लोह यांनीही मलावरोध वाढतो. कंबरेच्या दुखण्यासाठी यांपैकी दोन-तीन औषधे घेणारी पन्नाशीतील शिक्षिका पोट साफ होत नाही म्हणून जुलाबाचे औषध सुरू करते, तेव्हा सांधेदुखीमुळे मलावरोध झाला हे विधान खरे ठरते. मात्र मधला दुवा औषधाच्या चिठ्ठीत असतो.

आतडे व सॅक्रोइलियाक सांधा यांच्यातील एक संबंध मात्र निर्विवाद आहे. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या दाहयुक्त विकारात सॅक्रोइलियाक सांधे आरंभीच ग्रस्त होतात. बेल्जियममधील गेंट येथे मीलांट्स व व्हेज यांनी १९८० च्या दशकात या गटातील रुग्णांच्या आतड्यांची दुर्बिणीने तपासणी केली. पोटाची तक्रार नसलेल्या कित्येकांच्याही आतड्यात सूक्ष्म दाह आढळला. क्रोन व व्रणयुक्त बृहदांत्रदाह या आतड्यांच्या विकारांतही हे सांधे सुजतात. हा संबंध मलावरोधाचा नव्हे, दाहाचा आहे. परंतु व्रणयुक्त दाह मलाशयापुरता मर्यादित असल्यास वरच्या आतड्यात मल अडकून राहू शकतो, आणि मग रुग्ण 'मलावरोध' हाच शब्द वापरतो. या सांधेविकाराच्या निदानास सरासरी सहा-सात वर्षे विलंब होतो. चाळिशीच्या आत सुरू झालेली कंबरदुखी, पहाटे वाढणारी व हालचालीने कमी होणारी वेदना, अर्ध्या तासाहून अधिक टिकणारी सकाळची आखडण, अशी लक्षणे महाविद्यालयीन वयाच्या विद्यार्थ्यांतही सुरू होतात. त्यांना 'पोटाचा वात' म्हणून वर्षानुवर्षे चूर्ण दिले जाणे म्हणजे प्रतिबंध करता येण्याजोगे अपंगत्व ओढवून घेणे होय.

लोकसंख्येवरील अभ्यास काय सांगतात

ऑस्ट्रेलियातील स्त्री-आरोग्याच्या दीर्घकालीन पाहणीतील ३८,०५० स्त्रियांच्या माहितीवरून स्मिथ, रसेल व हॉजेस यांनी २००६ मध्ये असे दाखविले की मूत्रनियंत्रणाचे व श्वसनाचे विकार यांचा कंबरदुखीशी असलेला संबंध स्थूलतेपेक्षाही अधिक दृढ आहे. २००९ मध्ये त्यांनी पुढील वर्षांची माहिती तपासली. आरंभी कंबरदुखी नसलेल्या स्त्रियांपैकी ज्यांना मूत्रनियंत्रण, श्वसन किंवा आतड्यांच्या तक्रारी होत्या, त्यांना नंतर कंबरदुखी होण्याची शक्यता अधिक आढळली. तक्रारींचा कालक्रम यातून कळतो, ही या अभ्यासाची जमेची बाजू आहे. परंतु माहिती प्रश्नावलीतून घेतलेली होती, 'कंबरदुखी' हा व्यापक शब्द होता आणि सॅक्रोइलियाक सांध्याची स्वतंत्र तपासणी झालेली नव्हती. मलावरोधाने या सांध्याचा विकार होतो, असे विधान त्यावरून करता येत नाही.

निदान व उपचार

एका तपासणीने सॅक्रोइलियाक सांध्याचे निदान होत नाही. लॅस्लेट यांनी २००५ मध्ये दाखविल्याप्रमाणे सांध्यावर वेगवेगळ्या दिशांनी ताण देणाऱ्या चाचण्यांपैकी तीन किंवा अधिक चाचण्यांत नेहमीची वेदना उद्भवल्यास निदानाची शक्यता वाढते. 'सांधा सरकला आहे, तो बसवून देतो' या दाव्याची परीक्षा टुलबर्ग व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये केली. हाताने उपचार केल्यावर तपासणाऱ्यांना सांधा जागेवर आल्यासारखे वाटले, प्रत्यक्ष मोजमापात त्याची जागा बदललेली नव्हती. अशा उपचाराने आराम पडत असेल तर त्याचे कारण स्नायू सैल होण्यात शोधावे लागेल.

मलावरोधाच्या बाबतीत प्रथम प्रकार ओळखणे आवश्यक आहे. इसबगोल व चोथायुक्त आहार पहिल्या गटातील रुग्णांना उत्तम लाभतो. मंदगती आतडे किंवा शौचक्रियेतील विसंवाद असणाऱ्या बहुसंख्य रुग्णांना त्याचा लाभ होत नाही, असे फोडरहोल्झर यांच्या १९९७ मधील अभ्यासात दिसून आले. दार बंद असताना गाडीत अधिक प्रवासी भरण्यासारखे ते आहे. विसंवादाच्या रुग्णांना पडद्यावर स्वतःच्या स्नायूंची क्रिया दाखवून ते सैल करण्यास शिकविणारी बायोफीडबॅक पद्धत उपयुक्त आहे. कियारिओनी यांच्या २००६ मधील तुलनेत सहा महिन्यांनंतर या पद्धतीने ८० टक्के, तर रेचकाने २२ टक्के रुग्णांत लक्षणीय सुधारणा झाली. श्रोणीच्या सांध्यांच्या वेदनेवर उपचार करणारे भौतिकोपचारतज्ज्ञही श्वसन, पोटाचे खोल स्नायू व श्रोणितल यांचा ताळमेळ शिकवितात. दोन्ही दालनांतील उपचार येथे एकमेकांच्या अगदी जवळ येतात.

बसण्याच्या पद्धतीचा प्रश्न महाराष्ट्रातील घराघरांत विचारला जातो. सिकिरोव्ह यांच्या २००३ मधील निरीक्षणात २८ निरोगी व्यक्तींना उकिडवे बसून सरासरी ५१ सेकंद, तर उंच आसनावर १३० सेकंद लागले. उकिडवे बसल्यावर मलाशयाचा कोन अधिक सरळ होतो, हे त्याचे कारण मानले जाते. परंतु गुडघे व श्रोणी दुखत असलेल्या ज्येष्ठास परत भारतीय पद्धतीच्या शौचकूपाकडे पाठविणे हा उपाय नव्हे. कमोडवर बसून पायांखाली वीतभर उंचीचा पाट ठेवणे आणि किंचित पुढे झुकणे याने बराच हेतू साध्य होतो.

याहून अधिक दुर्लक्षित बाब वेग अडविण्याची आहे. जेवणानंतर, विशेषतः सकाळच्या न्याहारीनंतर, मोठ्या आतड्यात स्वाभाविक हालचाल होते. नेमक्या त्याच वेळी सकाळच्या सत्रातील तासिका सुरू होतात. सलग तासिका, परीक्षेच्या वेळचे पर्यवेक्षण आणि स्वच्छ, कडी लागणाऱ्या स्वच्छतागृहाचा अभाव यांमुळे कित्येक अध्यापिका व विद्यार्थिनी दिवसभर वेग रोखतात आणि त्यासाठी पाणीही कमी पितात. वेग रोखणे म्हणजे श्रोणितल तासन्‌तास आवळून धरणे होय. रोखलेला मल कोरडा होतो आणि मलाशय हळूहळू ताणास सरावून सूचना देणेच कमी करते. वेळापत्रक व स्वच्छतागृह हे विषय आरोग्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आढळत नाहीत, पण या विकाराच्या उगमाशी त्यांचा संबंध कोणत्याही चूर्णापेक्षा अधिक निकटचा आहे.

तातडीची लक्षणे

कंबरदुखी आणि मलावरोध एकत्र येण्याचा एक प्रकार मात्र वेगळाच आहे. कण्याच्या खालच्या भागातील मोठी चकती सरकून मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब आला, तर मलाशय व मूत्राशय यांची संवेदना हरपते. यास कॉडा इक्विना लक्षणसमूह म्हणतात. मांडीच्या आतील बाजूस व गुदद्वाराभोवती, म्हणजे खोगिरावर बसल्यावर टेकणाऱ्या भागात, बधिरता येते. लघवी तुंबते किंवा नकळत होते, शौचाची भावना नाहीशी होते, पायांतील शक्ती कमी होते. अशा रुग्णाला पोट साफ होण्याचे औषध देऊन सकाळपर्यंत थांबविणे हा अपरिमित हानीचा मार्ग आहे. त्याच दिवशी एम. आर. आय. तपासणीची व कण्याच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात त्याला पोहोचविले पाहिजे. दाब लवकर दूर झाल्यास मूत्राशय व मलाशय यांचे कार्य परत येण्याची आशा असते. विलंब झाल्यास ते कायमचे गमावले जाऊ शकते. लघवीबद्दलचा व बधिरतेबद्दलचा प्रश्न रुग्ण संकोचाने स्वतःहून काढीत नाही, म्हणून तो समोरच्यानेच स्पष्ट शब्दांत विचारावयाचा असतो.